सोंडेची मोट आणि दोन फेजचा पंप

आता जिथं तिथं ‘जुगाड’ हा शब्द ऐकू येतो. आमच्या लहानपणी या गोष्टीला वेगळं नावच नव्हतं. ‘बसवलं कसंतरी’ म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

शेतकऱ्याच्या डोक्यातली सगळ्यात भारी करामत कुठली, असं विचाराल तर मी सोंडेच्या मोटेचं नाव घेईन. साध्या मोटेला दोन माणसं लागत. एक बैलं हाकायला, दुसरा विहिरीच्या काठावर मोट ओतून घ्यायला. सोंडेच्या मोटेला खालून चामड्याची लांब सोंड आणि दोर दोन. जाड नाडा वरच्या चाकावरून जायचा, बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून. सोंदरानं सोंड वर ओढून धरलेली, म्हणून मोट वर येताना पाणी सांडत नसे. काठावर आली की मोट चाकाकडं वर जायची, सोंड मात्र कण्यावरून थारोळ्यात पसरायची, आणि पाणी आपसूक भळाभळा ओतलं जायचं. दोन्ही दोरांची लांबी वीतभर चुकली तरी सगळा खेळ बिघडायचा. मोटकरी उतरत्या धावेवर नाड्यावर बसून आपलं वजन बैलांच्या मदतीला द्यायचा. एका माणसाची मजुरी कायमची वाचली.

हे पहिल्यांदा कुणाला सुचलं, त्याचं नाव कुठंच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची हकिकत पुस्तकांत आहे, आणि ती असायलाच पाहिजे. लोखंडानं जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळी नांगर उतरवणं सोपं नव्हतं. १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. पण मोट शिवणारा चांभार, कणा घडवणारा सुतार यांची हकिकत कुणी लिहिली नाही. ते बलुत्यावर जगले, झालं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या. नंतर इंजिनं आली, मोटा अडगळीत पडल्या. पण इंजिन आलं म्हणून डोकं चालवायचं थांबलं नाही. फुटव्हॉल्व्ह गळू लागला आणि पंप पाणी धरेना, की पंपात पाण्याबरोबर शेणकाला ओतायचा. शेण फटीत जाऊन बसतं. व्हॉल्व्हची चकती झिजली तर जुन्या चपलेचा तळ कापून बसवायचा. पाइप फुटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी, ताणून ताणून गुंडाळलेली. तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवस मोडायचा, आणि ऊस काय एक दिवस थांबतो?

विजेनं मात्र वेगळंच शिकवलं. पंपाला तीन फेज लागतात. एक फेज बंद ठेवली की घरचे दिवे लागतात, मोटर चालत नाही. त्यावर आमच्या लोकांनी कंडेन्सर शोधला. तो जोडून दोन फेजवर मोटर फिरवायची. मोटर तापायची, कधी जळायची, तरी पाणी मिळायचं. हे शिकवायला कुणी इंजिनिअर आला नव्हता, वायरमनच्या हाताखाली वावरलेली पोरंच एकमेकांना सांगायची.

पण याला कौतुकानं कुणी जुगाड म्हटलं की मला आमच्या गावातला एक पोरगा आठवतो. रात्री अडीचला पाणी द्यायला गेलेला, पाय चिखलात, पेटीचं झाकण कधीचंच निघालेलं. सकाळी पेटीजवळच सापडला. गहू निसवायला आला होता. तेरावा व्हायच्या आधीच भावकीनं त्याच पेटीवरून त्या गव्हाला पाणी दिलं. कुणी नावं ठेवली नाहीत.

आता बैल परवडत नाहीत. भंगारातल्या सायकलचं पुढचं चाक आणि हँडल घेतात, मागं पास बसवतात, की झालं सायकल कोळपं. सोयाबीनच्या ओळीत बाईमाणूस एकटी ढकलत नेते. आमच्या वहिनीनं तर पास दोन बोटं अरुंद करून घेतली, कारण तिची पेर दाट असते. वेल्डिंगवाला म्हणाला, असं कुणी करत नाही. ती म्हणाली, “तू कर, कोळपायचं मला हाय.”