मोहर्ली ते चांदा : एका दिवसाची मार्गदर्शित सहल आणि गोंडकालीन राजधानीचे वाचन

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यात वसलेले मोहर्ली हे गाव आज ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार म्हणून सर्वपरिचित आहे. देशविदेशांतून येथे येणारा पर्यटक पहाटे जिप्सीत बसतो, वाघ दिसला तर समाधानाने आणि न दिसला तर खंत घेऊन परततो. जिच्या छायेत हे अरण्य शतकानुशतके होते ती गोंड राजांची राजधानी येथून अवघ्या तीसेक किलोमीटरवर आहे. तिचा उल्लेख मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात उरकला जातो. ते वाक्य मोहर्ली-ताडोबा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या दगडी खांबांविषयीचे असते.

या खांबांवरून दोर ओढलेला असे, त्याला घंटा बांधलेल्या असत आणि राजाच्या आगमनाची वर्दी त्या दोराने पुढे पोहोचत असे, असे स्थानिक गाईड सांगतात. कथा रम्य आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. घनदाट जंगलातून कित्येक किलोमीटर ओढलेल्या एकाच दोराचा हिसका दुसऱ्या टोकास पोहोचणे व्यवहारात कठीण आहे. टप्प्याटप्प्यावर माणसे ठेवून संदेश पुढे देणे त्यामानाने शक्य कोटीतील वाटते. तथापि कथेचा तपशील संशयास्पद ठरला तरी तिचा गाभा टाकाऊ ठरत नाही. हा मार्ग राजधानीशी जोडलेला होता, ही जाणीव लोकस्मृतीने त्यात जपली आहे. म्हणूनच चांद्याच्या सहलीचा प्रारंभ या खांबांपासून व्हावयास हवा.

मोहर्लीहून निघालेला रस्ता कोळसा खाणी आणि महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरातून जात शहराच्या उत्तरेकडील जटपुरा दरवाजाशी येतो. दक्षिणेस पठाणपुरा, पश्चिमेस बिनबा आणि पूर्वेस अंचलेश्वर असे आणखी तीन दरवाजे आहेत. शिवाय तटात लहान खिडक्या आहेत. दरवाजांवर हत्तीवर आरूढ झालेल्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. या चिन्हाखालून रोज हजारो वाहने जातात, पण मान वर करून पाहणारे किती, हा प्रश्नच आहे.

नगराच्या स्थापनेचे श्रेय खांडक्या बल्लाळशहास दिले जाते. झरपटीच्या पाण्याने राजाची व्याधी बरी झाली आणि सशाने कुत्र्याचा पाठलाग केला त्या वाटेने तटाची आखणी झाली, अशी आख्यायिका आहे. भित्रा प्राणी शूर झाल्याची अशी कथा भारतातील इतरही नगरांविषयी सांगितली जाते. तिला स्थापनेचा पुरावा मानता येत नाही. राजवंशाचा जो कालक्रम सामान्यतः दिला जातो, तो बव्हंशी मेजर ल्युसी-स्मिथ यांच्या १८६९ च्या जमीन महसूल अहवालावर आधारलेला आहे. म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्याने संकलित केलेली परंपरा हाच आपल्या मांडणीचा मोठा आधार होय. याउलट ‘ऐन-ए-अकबरी’ हा समकालीन ग्रंथ आहे. त्यात येथील गोंड अधिपतीच्या पदरी १,००० घोडदळ आणि ४०,००० पायदळ असल्याचा निर्देश आहे. आकडे अतिशयोक्त मानले तरी मुघल दरबारास या राज्याची दखल घ्यावी लागली, एवढे निश्चित.

सहलीत सर्वाधिक वेळ द्यावा तो अंचलेश्वर मंदिरालगतच्या राजसमाधींना. अठराव्या शतकाच्या आरंभी राजा बीरशहाच्या मृत्यूनंतर राणी हिराईने दत्तक रामशहाच्या वतीने राज्यकारभार सांभाळला आणि पतीची भव्य समाधी उभारली. पत्नीने पतीसाठी उभारलेले एवढे मोठे स्मारक विरळाच. महाकाली मंदिराशीही तिचेच नाव जोडलेले आहे. त्या मंदिरात चैत्रात मराठवाड्यातून मोठ्या संख्येने भाविक येतात. ते झरपटीत स्नान करतात, दर्शन घेतात आणि परततात. दरवर्षी ऐतिहासिक शहरात येणारा हा मोठा समुदाय. त्यांना हिराईची ओळख करून देणारी व्यवस्था असू नये, हे आश्चर्यच म्हणावे लागेल. पुढे १७५१ च्या सुमारास राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला.

येथे जपानमधील त्सुमागो या गावाचे उदाहरण उद्बोधक ठरते. किसो खोऱ्यातील जंगलाने वेढलेले हे गाव एदो काळातील नाकासेन्दो या राजमार्गावरील मुक्कामाचे ठाणे होते. रेल्वे व नवे रस्ते आल्यावर ते ओस पडू लागले. १९६८ पासून तेथे जुन्या घरांची दुरुस्ती सुरू झाली आणि घर विकणार नाही, भाड्याने देणार नाही, पाडणार नाही, असा निर्धार रहिवाशांनीच केला. १९७६ मध्ये शासनाने त्यास संरक्षित क्षेत्राचा दर्जा दिला. तेथे एका दिवसासाठी येणारा प्रवासी जुन्या वाटेने चालतो आणि ती वाट राखणाऱ्यांचे गाव पाहतो. चांद्याची तुलना त्सुमागोशी सर्वार्थाने होऊ शकत नाही. हे दाट वस्तीचे औद्योगिक शहर आहे. परंतु रहिवाशांचा पुढाकार येथेही दिसला आहे. इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ मध्ये झुडपांनी व कचऱ्याने झाकलेला तट स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले आणि त्यातूनच किल्ल्याच्या पदभ्रमंतीस चालना मिळाली.

मंगळवारी ताडोबाच्या गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. मोहर्लीत मुक्कामी असलेला पर्यटक आणि तेथील गाईड, दोघेही त्या दिवशी मोकळे असतात. परिसरातील गाईडांमध्ये गोंड समाजातील तरुणही आहेत. ज्या राजधानीविषयी बोलायचे ती त्यांच्याच पूर्वजांची. वाघाच्या पावलाचा ठसा ताजा की जुना, हे ते नेमके सांगतात. तीच चिकित्सा तटाच्या दगडांविषयी करता यावी, यासाठी अहवाल कोणता, आख्यायिका कोणती आणि समकालीन साक्ष कोणती, हे वेगळे करून दाखविणारी छोटी मराठी व गोंडी पुस्तिका त्यांच्या हाती हवी. ती तयार करण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांकडे येते.