आवाज असेल, मत नसेल: कोर्दोबा १९१८

१/ १५ जून १९१८. अर्जेंटिनातील कोर्दोबा विद्यापीठात प्राध्यापकांची सभा नव्या रेक्टरची, म्हणजे आपल्या भाषेत कुलगुरूंची, निवड करत होती. बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना मताधिकार नव्हता. निकाल कानावर पडताच ते आत घुसले. खुर्च्या मोडल्या, काचा फुटल्या, भिंतींवरच्या तसबिरी खाली आल्या. विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांनाही वाटा हवा, ही मागणी लॅटिन अमेरिकेत याच दिवसाशी जोडली जाते.

२/ विद्यापीठ जुने. त्याचा उगम १६१३ सालच्या जेझुइट विद्यालयात. विसाव्या शतकातही कारभार एका छोट्या वर्तुळाच्या हाती होता. सूत्रे सांभाळणाऱ्या मंडळांचे सदस्य तहहयात नेमले जात, आणि रिकामी झालेली जागा बहुधा त्याच घराण्यांतील कोणी भरून काढी.

३/ ठिणगी मात्र साधी होती. वैद्यकीय विद्यार्थ्यांची रुग्णालयातील निवासाची सोय बंद करण्यात आली. अर्ज-विनंत्यांना दाद मिळाली नाही आणि ३१ मार्च १९१८ रोजी विद्यार्थ्यांनी संप पुकारला.

४/ हे नेमके १९१८ मध्येच का घडले, याचे उत्तर विद्यापीठाबाहेर सापडते. १९१२ च्या कायद्याने अर्जेंटिनात अठरा वर्षांवरील पुरुष नागरिकांना गुप्त आणि सक्तीचे मतदान मिळाले होते. त्याच पद्धतीने १९१६ मध्ये इपोलितो इरिगोयेन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. देशाचा अध्यक्ष निवडणारा तरुण विद्यापीठाचे दार ओलांडून आत आला, की त्याचे मत दारातच गळून पडे. ही विसंगती फार काळ झाकून राहणे शक्य नव्हते.

५/ इरिगोयेन यांनी होसे निकोलास मातियेन्सो यांना विशेष अधिकारी म्हणून कोर्दोबाला धाडले. त्यांनी तहहयात सदस्यांची सद्दी संपवली आणि निवडीचा अधिकार प्राध्यापकांना दिला. विद्यार्थी हरखले. त्यांचे पसंतीचे उमेदवार होते एनरिके मार्तिनेस पास, आणि आपले गुरुजन आता जुन्या वर्तुळाला नाकारतील अशी त्यांची खात्री होती.

६/ गुरुजनांनी जुन्या वर्तुळाचे अंतोनियो नोरेस यांना निवडले. नियम बदलले, तरी माणसे तीच राहिली होती. मोडतोडीचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण त्या दुपारी विद्यार्थी काय शिकले ते ध्यानात घ्यायला हवे. दुसऱ्याच्या मतावर विसंबून मिळालेली सुधारणा त्याच मताने हिरावलीही जाते.

७/ सहाच दिवसांनी, २१ जूनला, विद्यार्थ्यांचा प्रसिद्ध जाहीरनामा निघाला. लेखक देओदोरो रोका हे तरुण वकील. पण खाली सह्या होत्या त्या विद्यार्थी संघाच्या नेत्यांच्या, रोकांचे नाव त्यांत नव्हते. नोरेस यांना हटवा, एवढ्यावर तो थांबत नाही. विद्यापीठ ज्यांच्यासाठी आहे त्या विद्यार्थ्यांचाच त्याच्या शासनावर मुख्य हक्क आहे, असा त्याचा दावा होता.

८/ ऑगस्टमध्ये नोरेस यांनी राजीनामा दिला. तरीही सरकारी निर्णय लांबत गेला, तेव्हा ९ सप्टेंबरला विद्यार्थ्यांनी विद्यापीठ ताब्यात घेतले आणि आपल्यातल्या तिघांना थेट अधिष्ठाता नेमले: कायद्यासाठी ओरासियो वाल्देस, वैद्यकासाठी एनरिके बारोस, अभियांत्रिकीसाठी इस्माएल बोर्दाबेहेरे. हे राज्य अल्पायुषी ठरले. सैनिक आले, अटका झाल्या.

९/ पण ऑक्टोबरपर्यंत शिक्षणमंत्री होसे सालिनास यांच्या देखरेखीखाली नवे नियम आले आणि कारभारी परिषदांच्या निवडीत विद्यार्थ्यांना वाटा मिळाला. पुढच्याच वर्षी पेरूतील लिमात हीच मागणी उठली आणि हळूहळू खंडभर पसरली.

१०/ आता या कथेतला सर्वांत बोलका टप्पा. १९४७ मध्ये पेरॉन सरकारने नवा विद्यापीठ कायदा केला. त्यात विद्यार्थी प्रतिनिधी होता. पण शेवटच्या वर्षात उत्तम सरासरी गुण मिळवणाऱ्यांमधून तो चिठ्ठी टाकून निवडायचा. त्याने सभेत बोलावे; मत मात्र देऊ नये. खुर्ची राहिली, तिच्यातली ताकद गेली.

११/ मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ नुसार महाविद्यालयांतले वर्गप्रतिनिधी मतपेटीतून न येता आदल्या परीक्षेतील गुणवत्तेवरून नेमले जात. निवडणुकांतील हिंसाचाराची पार्श्वभूमी त्यामागे होती, हे खरे. पण पहिला आलेला विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी होतोच असे नाही. तो फक्त पहिला आलेला असतो. खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा कायद्यात आली ती २०१६ च्या अधिनियमाने.

१२/ अर्जेंटिनात १९५५ नंतर विद्यार्थ्यांचे मत परतले आणि १९६६ मध्ये पुन्हा गेले. जनरल ओंगानिया यांच्या लष्करी राजवटीने विद्यापीठांची स्वायत्तता आणि संयुक्त कारभार रद्द केला. २९ जुलैच्या रात्री ब्वेनोस आयरेसमध्ये पोलिसांनी विद्यापीठाच्या इमारतींत शिरून प्राध्यापक-विद्यार्थ्यांवर दंडुके चालवले. शेकडो अध्यापकांनी राजीनामे दिले. अनेकांनी देश सोडला.

१३/ १९८३ मध्ये लोकशाही परतली, तिच्या मागोमाग संयुक्त कारभारही. आज कोर्दोबाच्या सर्वोच्च परिषदेत प्राध्यापक, पदवीधर, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. १९१८ मध्ये ज्या निवडीवरून खुर्च्या मोडल्या, त्या रेक्टरपदासाठी आता विद्यार्थी थेट मतदान करतात. अर्थात एक विद्यार्थी आणि एक प्राध्यापक यांच्या मताचे वजन सारखे नसते. कोणत्या घटकाला किती वजन, यावर तिथे अजूनही वाद होतात.