आजारपणाचा विमा : एकट्याचा आणि सर्वांचा

आजचा विषय ऐकून पुष्कळांना नवल वाटले असेल. वसंतातल्या व्याख्यानांत संतवाङ्मयावर बोलावे, मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर बोलावे. हमालांच्या संघटनेत केस पांढरे केलेल्या माणसाने विम्याच्या कागदावर तासभर का बोलावे? तथापि गोरेगावात आज असे घर विरळा की ज्यात गेल्या चार-पाच वर्षांत दवाखान्याच्या बिलापायी सोयाबीन घाईने विकावे लागले नाही, अडत्याकडून उचल घ्यावी लागली नाही, किंवा पाहुण्यांकडे हात पसरावा लागला नाही. ज्या गोष्टीने घरे बसतात ती गोष्ट व्याख्यानाला योग्य आहे, अशी आमची समजूत आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. तेव्हा पंडिताची भाषा आमच्याकडून अपेक्षू नये.

आरंभी एक घडलेली हकीकत सांगतो. आमच्या संघटनेतील एका मापाड्याने मुलाच्या आग्रहाने कुटुंबाचा आरोग्य विमा उतरविला. फॉर्म एजंटाने भरला, सही यांनी केली. रक्तदाबाची गोळी कित्येक वर्षांपासून चालू होती, ती फॉर्मात कोठे आली नाही. पुढे छातीत कळ आली. जवळच्या शहरातील रुग्णालय कंपनीच्या यादीत नव्हते. यादीत होते ते दूरच्या शहरात. तेथे गेल्यावर खिडकीवर उत्तर मिळाले, "या कंपनीचे कॅशलेस आम्ही हल्ली घेत नाही. पैसे भरा, मग कंपनीकडून मागून घ्या." रात्री टोळीतल्या माणसांनी पैसे गोळा केले. पुढे कंपनीने दिले ते निम्म्याहून कमी, आणि तेही फार पत्रव्यवहारानंतर. आम्ही त्यांना म्हणालो, "भाऊ, पॉलिसी काढण्याआधी आम्हाला विचारायचे होते." ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही काय सांगणार ते ठाऊक होतं की. विमा म्हणजे मोठ्या लोकांचा खेळ, सरकारी दवाखाना मागा, हेच तुम्ही दरसाल सभेत सांगता."

हे उत्तर आमच्या मनातून गेले नाही. आम्ही सभेत सांगत होतो ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे शोधण्यासाठी आम्ही या विम्याचा इतिहास वाचू लागलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

आजारपणाचा विमा कंपन्यांनी शोधून काढलेला नाही. युरोपात कारखाने आले तेव्हा कामगारांनीच मदतफंड काढले. आठवड्याला थोडे पैसे टाकायचे, कोणी खाटेवर पडला तर त्यातून डॉक्टर आणि पोटापुरती भाकर. या फंडांच्या पायावर जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कायदा केला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक हिस्सा मालकाचा. समाजवाद्यांची हवा काढून घ्यावी हा त्याचा हेतू होता हे जगजाहीर आहे. पण कायदा टिकला, आणि हेतू इतिहासजमा झाला. इंग्लंडमध्ये लॉइड जॉर्जने १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा आणला. कामगाराचे चार पेन्स, मालकाचे तीन, सरकारचे दोन. म्हणून 'चार पेन्सांत नऊ पेन्स' अशी घोषणा झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या दोन्ही देशांत खरी लढाई वर्गणीवर जेवढी झाली तेवढीच डॉक्टरांच्या संमतीवर झाली. जर्मन डॉक्टरांनी १९०० साली लाइपझिग येथे आपली संघटना उभारली आणि विमाफंडांविरुद्ध संप केले. इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या संघटनेने विम्याचे रोगी पाहणार नाही अशा प्रतिज्ञापत्रांवर हजारो सह्या घेतल्या. सरकारने दर माणशी मिळणारा मोबदला वाढविला, तेव्हा जानेवारी १९१३ पर्यंत तीच मंडळी हजारोंनी विम्याच्या यादीत आली. यावरून डॉक्टरांना लोभी ठरविण्याचे कारण नाही. तेही आपल्या श्रमाचा भाव मागत होते, आणि भाव मागणाऱ्याला आम्ही तरी दोष कसा द्यावा? मुद्दा एवढाच की, दवाखान्याच्या उंबरठ्यावर जो कागद चालत नाही तो कितीही मोलाचा असला तरी कागदच. आणि तो चालावा म्हणून डॉक्टरांशी बोलणी करणारा कोणीतरी बळकट पक्ष पाठीशी लागतो. जर्मनीत तो फंड होता, इंग्लंडमध्ये सरकार होते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली प्राध्यापक भा. पु. आडारकर या मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. इंग्लंडात बेव्हरिजचा अहवाल नुकताच गाजत होता, म्हणून आडारकरांना 'छोटा बेव्हरिज' म्हणू लागले. भोर समितीने १९४६ साली आणखी पुढची गोष्ट सांगितली : पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. या विचारातून एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंनी योजनेचे उद्घाटन केले आणि स्वतःचे नाव पहिले मानद विमेदार म्हणून नोंदविले.

हा कायदा दिल्लीत मंजूर होत होता तेव्हा आपले गोरेगाव निजामाच्या राज्यात होते. मुक्ती मिळाली १७ सप्टेंबर १९४८ रोजी. पण राज्य बदलले तरी कायदा आपल्यापर्यंत आला नाही, कारण त्याच्या व्याख्येतच आपण बसत नव्हतो. यंत्रशक्तीवर चालणारा, वीस किंवा अधिक माणसांचा आणि बारमाही कारखाना त्याला हवा होता. हंगामी कारखाने वगळले होते आणि त्या यादीत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, भुईमुगाची फोलफाट, साखर आणि गूळ ही नावे होती. म्हणजे आपल्या भागातील माणूस जेथे यंत्राजवळ उभा राहत होता नेमकी तीच ठिकाणे. हळद काढणारा, शिजविणारा, मोंढ्यात पोती वाहणारा तर मुळीच कोठे नव्हता. पुढे संख्येची मर्यादा दहावर आली, पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. तरी शेतावरचा आणि हंगामावरचा माणूस त्या छपराबाहेरच राहिला. हमालांनी लढून १९६९ साली माथाडी कायदा मिळविला, तोही जेथे मंडळ स्थापन झाले तेथेच फळला.

१९५४ साली योजना मुंबईत आली तेव्हा तेथे सगळे सरकारी दवाखाने उभारणे शक्य नव्हते. म्हणून गल्लीतल्या खाजगी डॉक्टरांना यादीवर घेऊन दर माणशी ठराविक मोबदला देण्याची पद्धत पडली. लालबाग-परळचा गिरणीकामगार 'आमचा पॅनेलचा डॉक्टर' म्हणे तो हाच. मोबदला थोडा, रांग मोठी, औषध मिळण्यास विलंब, या तक्रारी पुष्कळ होत्या. पण डॉक्टराने दारातून परत पाठविले तर जाब विचारायला यंत्रणा होती, आणि त्या यंत्रणेच्या महामंडळात कामगारांचे प्रतिनिधी बसत होते. आमच्या मापाड्याच्या मागे त्या रात्री असे कोणी नव्हते.

खेड्यासाठी काही झालेच नाही असेही नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास वर्ध्याच्या आसपासच्या गावांत ज्वारीचा विमा चालविला. हंगामात प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, त्या बळावर गावात आरोग्यसेवक आणि रुग्णालयात सवलतीचा उपचार. दोन-चार घरांसाठी ही योजना घेतली जात नसे. गावातील बहुतेक घरांनी येण्याची अट होती. ही अट फार शहाणपणाची आहे. केवळ आजारी माणसेच फंडात आली तर फंड बुडतो. धडधाकट माणसे आली तरच तो उभा राहतो. विम्याचे सारे गणित या एका वाक्यात आहे.

एकट्याने विकत घ्यायचा विमा आपल्याकडे आला तो १९८६ साली, 'मेडिक्लेम' या नावाने. १९७३ पासून सामान्य विमा सरकारी होता, तेव्हा चार सरकारी कंपन्याच तो विकत. घेणारे बहुतेक शहरी पगारदार. १९९९ च्या कायद्याने खाजगी कंपन्यांना वाट मिळाली आणि नियामक प्राधिकरण आले. २००१ पासून कंपनी आणि रुग्णालय यांच्यामध्ये तिसरा मध्यस्थ उभा राहिला, आणि कॅशलेस हा शब्द घरोघर गेला. पण रुग्णालये म्हणत, कंपनी दर पाडते. कंपन्या म्हणत, विम्याचा रोगी दिसला की बिल फुगते. १ जुलै २०१० पासून सरकारी कंपन्यांनी मुंबईसह मोठ्या शहरांतील अनेक नामांकित रुग्णालयांचे कॅशलेस बंद केले आणि ठरलेल्या दराला कबूल होणाऱ्यांचीच यादी ठेवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर भारतातील रुग्णालयांच्या संघटनेने उलट दोन खाजगी कंपन्यांचे कॅशलेस थांबविण्याचा इशारा दिला. दोघेही संघटित आहेत आणि दोघेही एकमेकांशी बोलणी करतात. बोलण्यांच्या खोलीत एकच जण नसतो : हप्ता भरणारा.

त्यात हप्ता वर्षागणिक चढतो. वय वाढते म्हणून चढतो, उपचार महागले म्हणून चढतो. ज्याने पंधरा वर्षे काही न मागता भरला, तोच साठीत हप्ता परवडत नाही म्हणून पॉलिसी सोडतो, म्हणजे नेमकी गरज येते तेव्हा. ही तक्रार इतकी वाढली की जानेवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाला सांगावे लागले : ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीच्या आणि कुटुंबाच्या पॉलिसीवरचा अठरा टक्के कर गेला, ही चांगली गोष्ट झाली. पण समूहाने एकत्र घेतलेल्या पॉलिसीवर तो राहिला. एकट्याला सूट आणि एकत्र येणाऱ्याला कर, हा न्याय आम्हाला अजून कळलेला नाही.

तर मग सरकारी योजना पुरी नाही काय? महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. त्यात शेजारचे नांदेड होते, हिंगोली नव्हते. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर झाली, २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुल्यांचे नाव मिळाले. आता ती केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडली असून २०२३ च्या निर्णयाने शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळाले. हा लहान विजय नव्हे. पण येथेही यादीतले उपचार आणि यादीतली रुग्णालये. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच : उंबरठ्यावर कागद चालतो काय?

येथवरच्या इतिहासावरून आम्ही आमचे मत दुरुस्त केले आहे. 'पॉलिसी घेऊ नका' असे आम्ही आता सांगत नाही. सांगतो ते असे.

पहिली गोष्ट, सरकारी योजनेचे कार्ड घरातल्या प्रत्येकाचे आज काढून ठेवा. रुग्णवाहिकेत बसून कार्ड निघत नाही. दुसरी, पॉलिसी घ्यायची तर आधी रुग्णालय निवडा, मग कंपनी. रात्री बारा वाजता आपण हिंगोली, वाशीम, नांदेड यांपैकी कोठे जाणार ते ठरवा आणि तेथल्या खिडकीवर जाऊन विचारा, कोणत्या कंपनीचे कॅशलेस येथे प्रत्यक्ष चालते. छापील यादीवर विसंबू नका. तिसरी, फॉर्म स्वतः भरा, जुना आजार लपवू नका. जुन्या आजाराची प्रतीक्षा २०२४ पासून फार तर तीन वर्षांची आहे. लपविलेल्या आजाराने सगळी पॉलिसीच जाऊ शकते. चौथी, खोलीच्या भाड्याची मर्यादा वाचा. मर्यादा दिवसाला ३,००० रुपयांची असून ६,००० ची खोली घेतली, तर पुष्कळ पॉलिसींत केवळ भाडे कापून भागत नाही. भाडे, डॉक्टर आणि शस्त्रक्रिया मिळून ९०,००० झाले असतील तर कंपनी ४५,००० च देते. आमच्या मापाड्याचे पैसे मुख्यतः येथेच गेले. पाचवी, तरुणपणी घ्या आणि खंड पडू देऊ नका. कंपनी आवडली नाही तर २०११ पासून साठलेल्या प्रतीक्षेसकट दुसरीकडे जाता येते. सहावी, नकार आला तर लेखी कारण मागा आणि विमा लोकपालाकडे जा. तेथे वकील लागत नाही.

या सहा गोष्टी एकट्याने करण्याच्या आहेत, आणि एवढ्याने भागत नाही हेच इतिहास सांगतो. म्हणून आमच्या संघटनेने एक वही घातली आहे. तीत कोणत्या रुग्णालयाने कोणाचा कागद घेतला, कोणाला परत पाठविले, किती घेतले, हे सभासद येऊन लिहितात. दरपत्रक भिंतीवर लावणे राज्याच्या नियमांनी रुग्णालयांवर बंधनकारक आहे. ते लागले आहे काय, हेही लिहितात. रुग्णालयांशी आणि कंपन्यांशी बोलायला बसू तेव्हा हीच वही समोर ठेवणार आहोत. वहीतली पहिली नोंद त्या मापाड्यांची आहे. ती त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली, आणि खाली आम्ही सही केली.