वेताळाच्या वहाणा

रिचर्ड बर्टनने 1870 साली वेताळपंचविशीतल्या निवडक गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ करून टाकलं. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत वेतोबा म्हणून पुजल्या जाणाऱ्या वेताळासमोर मात्र हा शब्द टिकत नाही. तिथे देवाला केळ्यांचे घड वाहतात आणि नवसाच्या चामडी चपला, माणसाच्या पायात कधीच बसणार नाहीत एवढ्या मोठ्या. वेतोबा रात्री गाव राखत फिरतो म्हणून वहाणा झिजतात, ही श्रद्धा. व्हॅम्पायर म्हणजे कोण, ते पाहा: 2018 साली आलेल्या ‘व्हँपायर’ या व्हिडिओ गेममध्ये रक्तपिपासू झालेला लंडनचा डॉक्टर आपल्याच भोवतालच्या माणसांचं रक्त पिऊन झपाट्याने बळावतो. वेतोबाचं काम नेमकं उलटं आहे. गावाने त्याला पहाऱ्यावर नेमलंय.

मूळ गोष्टींतही बर्टनच्या शब्दाला आधार नाही. सोमदेवाने 11व्या शतकात काश्मीरमध्ये त्या ‘कथासरित्सागरा’त घेतल्या, मराठीत त्या 1830 साली सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी आणल्या. त्यांतला वेताळ प्रेतात राहतो, पण ते प्रेत झाडावरून काढून साधूकडे नेणाऱ्या राजाला चावत नाही. तो गोष्ट सांगतो, कोडं घालतो आणि शेवटी कपटी साधूचा डाव उघड करून राजाचा जीव वाचवतो. बळी द्यायला टपलेला असतो तो माणूस. कथेची ताकद या उलटापालटीत आहे, आणि उणीवही तिच्याच पोटात आहे. एका गोष्टीत मेलेल्या मंदारवतीच्या राखेवर तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या तिघांतला एकजण झोपतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा मंत्राने तिला उठवतो. मग ती बायको कोणाची? राजा निवाडा देतो, तिला कोणीच विचारत नाही. राजालाही मोकळीक कुठे आहे? उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर डोक्याची शकलं, बोलला तर वेताळ परत झाडावर.

सिंधुदुर्गाच्या गावऱ्हाटीने, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या परंपरागत व्यवस्थेने, हा प्रश्नोत्तरांचा खेळ फिरवला, असं माझं मत आहे. इथल्या देवळांत प्रश्न माणूस विचारतो आणि उत्तर देवाला द्यावं लागतं. गाऱ्हाणं घालतात, ‘व्हय म्हाराजा’चा गजर होतो, देवाला कौल लावतात आणि उजवा पडतो की डावा, याकडे सगळ्यांची नजर असते. गाऱ्हाणं घालण्याचा मान ठरावीक घराण्यांकडेच राहिला, हा या व्यवस्थेचा दोष आहे आणि तो झाकायचं कारण नाही. तरीही वेताळ इथे जाब देणारा झाला, हे मोठंच स्थित्यंतर होतं.

यावर कोणी म्हणेल, कितीतरी ठिकाणी वेताळाला कोंबडा देतातच, मग रक्ताची तहान नाकारायची कशी? पण कोकणात कोंबडा देवचार नावाच्या राखणदार आत्म्यालाही देतात, शेताबांधावरच्या राखणदारालाही देतात, आणि त्या देण्याला शब्दच ‘राखण’ आहे. ते पहाऱ्याचं मोल आहे. अमावास्येला भुतांची पालखी घेऊन निघणाऱ्या वेताळाची भीती लोकांत आहे हेही खरं. गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात तो भुतांचा राजा मानला जातो. म्हणून तर वेशीवर तोच हवा: ज्याच्या शब्दाबाहेर भुतं नाहीत, त्याला गावाने केळी आणि चपला देऊन आपल्या बाजूला उभं केलं.