शिक्षकांना वर्षअखेरची भेट

शिक्षकांना वर्षअखेरची भेट म्हणजे शालेय वर्ष संपताना विद्यार्थी किंवा त्याचे पालक कृतज्ञतेपोटी शिक्षकाला देतात ती वस्तू, पत्र अथवा वर्गाने मिळून दिलेली भेट. महाराष्ट्रात ती मुख्यतः दोन प्रसंगी दिली जाते. खालच्या वर्गांत एप्रिलअखेरीस किंवा अनेक शाळांच्या प्रथेप्रमाणे १ मे रोजी निकालपत्रक घेताना, आणि दहावीच्या वर्गात बोर्डाच्या परीक्षेपूर्वी होणाऱ्या निरोप समारंभात. या भेटीचे नाते गुरुदक्षिणेशी जोडले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. गुरुकुलातील आचार्याच्या निर्वाहाला दक्षिणेचा आधार असे. आजचा शिक्षक वेतन घेतो, गुण देतो आणि एकाच वर्गातील सधन व निर्धन मुलांना एकाच वेळी शिकवतो. म्हणून भेटीची निवड करताना वस्तूइतकाच वेळेचा आणि ऐपतीचा विचार करावा लागतो.

पूर्वपरंपरा

दक्षिणा केव्हा द्यावी याविषयी प्राचीन ग्रंथ आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, अध्ययन चालू असताना शिष्याने गुरूला काही देऊ नये, समावर्तनाच्या स्नानाच्या वेळी मात्र गुरूच्या आज्ञेने यथाशक्ती द्यावे, असे सांगितले आहे. त्यासाठी दिलेल्या यादीत शेत, सोने, गाय व घोडा आहेत, त्याचबरोबर छत्री, पादत्राणे, आसन, धान्य, भाजी आणि वस्त्रेही आहेत. ज्याला घोडा देणे शक्य नाही त्याने भाजी द्यावी, तरी दक्षिणा पूर्ण होते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतही आचार्याला प्रिय असे धन देण्याचा उपदेश अध्यापन संपल्यानंतरच येतो.

कथांमधून याच्या दोन्ही बाजू दिसतात. कालिदासाच्या 'रघुवंश' महाकाव्याच्या पाचव्या सर्गात वरतंतू ऋषी शिष्याची सेवा हीच दक्षिणा मानतात. कौत्सच हट्ट धरतो, तेव्हा रागावून ते चौदा विद्यांसाठी चौदा कोटी मुद्रा मागतात. रघुराजाने यज्ञात सर्वस्व दिलेले असते. कुबेराकडून सुवर्ण मिळाल्यावर कौत्स गुरूला देण्यापुरतेच घेतो, अधिक घेत नाही. महाराष्ट्रात दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून वाटण्याच्या प्रथेशी ही कथा जोडली जाते. याउलट महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याचा अंगठा हे घेणाऱ्याने मर्यादा सोडल्याचे उदाहरण आहे, आणि तिथे तर गुरूने शिकवलेलेही नव्हते.

इंग्रजी अमदानीपूर्वीच्या गावठी शाळांतील पंतोजींना धान्य, शिधा आणि सणावारी दक्षिणा मिळे. तो त्यांच्या उपजीविकेचाच भाग होता. वेतनश्रेणी आल्यावर त्याचे प्रयोजन उरले नाही.

प्रसंग आणि वेळ

गुरुपौर्णिमा आषाढात, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांनी येते. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या जन्मदिनी, ५ सप्टेंबरला, १९६२ पासून साजरा होणारा शिक्षक दिनही वर्षाच्या मध्यात पडतो. या दोन्ही दिवशी शिक्षकाच्या हाती पुढील परीक्षांचे गुण असतात. त्यामुळे त्या दिवशी फूल, नमस्कार व चार शब्द पुरेसे मानले जावेत. मोठी भेट द्यायचीच असेल तर निकाल हाती पडल्यावरचा दिवस निर्दोष. निरोप समारंभाची अडचण अशी की तो परीक्षेआधी होतो, आणि दहावीला भाषा विषयांचे २० गुण शाळेतच दिले जातात. बहुतेक शाळांत यातून आपोआप वाट निघालेली दिसते: मुले एकेका शिक्षकाला न देता शाळेला घड्याळ, पंखा, व्यासपीठ किंवा ग्रंथ देतात आणि त्यावर वर्गाचे साल घालतात.

कायदेशीर मर्यादा

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मधील लोकसेवकाच्या व्याख्येत सरकारी साहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचा कर्मचारीही येतो. म्हणजे अनुदानित शाळेतील शिक्षकही. साधे फूल वा पुस्तक यात अडकत नाही, पण गुण, प्रवेश किंवा हजेरी यांच्या बदल्यात दिलेली वस्तू लाच ठरू शकते. शाळांचे स्वतःचे नियमही असतात. काही शाळा भेटी पूर्णपणे नाकारतात, आणि तसे असल्यास आग्रह करणे म्हणजे शिक्षकाला कोंडीत पकडणे होय.

परदेशी राहणाऱ्या मराठी पालकांना तेथील नियम पाहावे लागतात. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सार्वजनिक शाळेतील शिक्षकाला ५० डॉलर किंवा अधिक किमतीची वैयक्तिक भेट घेता येत नाही. संपूर्ण वर्गाच्या नावाने १५० डॉलरपर्यंतची भेट चालते, मात्र कोणी किती दिले हे शिक्षकाला कळता कामा नये. दक्षिण कोरियात २०१६ च्या कायद्यानंतर शिक्षक दिनी एकट्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकाला दिलेले कार्नेशनचे फूलही नियमबाह्य ठरले. वर्गप्रतिनिधीने सर्वांदेखत दिलेले चालते.

भेटीची निवड

रोख रक्कम, सोन्याचांदीची नाणी व दुकानांची गिफ्ट कार्डे टाळलेली बरी, कारण त्यांवर किंमत लिहिलेलीच असते. पेन, मग, फोटोची चौकट आणि शाल या वस्तू वाईट नाहीत. पण वीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकाच्या कपाटात त्यांचा ढीग साचलेला असतो. मिठाईबाबत पथ्याचा विचार करावा.

सर्वांत टिकणारी भेट म्हणजे मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र. 'आपण खूप छान शिकवता' हे वाक्य कोणत्याही शिक्षकाला लागू पडते. भागाकार कोणत्या दिवशी उमगला, कोणती कविता पाठ झाली, आजारपणात बाईंनी वही कशी पूर्ण करून घेतली, असा एक तरी खरा तपशील त्यात हवा. शुद्धलेखन पालकांनी सुधारू नये. शिक्षकांना त्या चुका ओळखीच्या असतात. पुस्तक द्यायचे तर शिक्षकाच्या आवडीचे, किंवा वर्गाच्या पुस्तकपेटीत राहील असे द्यावे. घरच्या कुंडीतले तुळशीचे वा मोगऱ्याचे रोप अल्प खर्चात होते.

वर्गणी काढून एकच भेट देणे अनेक दृष्टींनी सोयीचे. तिथे किमान रकमेची अट नसावी, नावांपुढे रक्कम लिहू नये, आणि शुभेच्छापत्रावर वर्गातील प्रत्येक मुलाचे नाव असावे, ज्याच्या घरून काहीच आले नाही त्याचेही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर देणाऱ्यांची यादी फिरू लागली की न देणाऱ्यांची यादी वेगळी करावी लागत नाही. भेट एखाद्या मुलाच्या हातून न देता दोघातिघांनी मिळून दिल्यास घरी बोललेले 'आपल्याकडून काहीच नाही' हे वाक्य मुलाला वर्गात ऐकावे लागत नाही.

बालवाडीत मुलांचे डबे उघडून देणाऱ्या मावशी, शिपाई आणि बसचालक यांचे नाव वर्षअखेरच्या यादीत बहुधा राहून जाते. काही शाळांतील पालक त्यांच्यासाठीही त्याच दिवशी पत्र व शिधा देतात.