उघडा लिथियम सेल : धोका आणि दक्षता

यंत्र जितके साधे तितके ते सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या बाबतीत मात्र तो उलटा ठरतो. ‘मेकॅनिकल मॉड’ या नावाने ओळखली जाणारी यांत्रिक ई-सिगारेट हे त्याचे ठळक उदाहरण होय. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे; पण तिच्यात वापरला जाणारा सेल सातारा-सांगलीतील घराघरांत टॉर्च आणि पॉवर बँकेच्या रूपाने पोहोचला आहे. त्यामुळे या धोक्याचे शास्त्र समजून घेणे प्रत्येकाच्या हिताचे आहे.

रचना

यांत्रिक उपकरण म्हणजे धातूची नळी, तिच्यात एक सेल, वर तारेचे वेटोळे आणि दाबायचे बटण. मोबाइलमध्ये असते तसे विद्युतप्रवाह रोखणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट त्यात नसते. बहुधा ‘१८६५०’ प्रकारचा सेल वापरला जातो. त्याचा व्यास १८ मिलिमीटर, तर लांबी ६५ मिलिमीटर असते. पूर्ण भारित सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो.

वेटोळ्याचा रोध जितका कमी, तितका प्रवाह अधिक, हा ओहमचा नियम. ०.२ ओहम रोधाला २१ अँपिअर, तर ०.१ ओहमला ४२ अँपिअर प्रवाह सेलमधून खेचला जातो. लॅपटॉपसाठी बनवलेले अनेक सेल सलग दहा अँपिअरही पेलू शकत नाहीत. सर्किट असते, तर ते प्रवाह तोडून टाकते. येथे ती जबाबदारी वापरणाऱ्याच्या हिशेबावर पडते.

स्फोट कसा होतो?

सेलचे संपूर्ण बाह्य कवच ऋण ध्रुव असते. धन टोकाजवळ दोन्ही ध्रुवांना वेगळे ठेवणारी कडी अगदी अरुंद असते. त्यामुळे वरचे प्लास्टिकचे वेष्टन तिथे फाटले आणि धातूचा स्पर्श झाला, तर थेट शॉर्टसर्किट होते. सेल तापला की आतील विलग करणारा पातळ पडदा सुमारे १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो, ध्रुव एकमेकांना भिडतात आणि उष्णता आणखी वाढते. ही साखळी एकदा सुरू झाली की बटण सोडूनही थांबत नाही. आतील द्रव ज्वलनशील असल्याने वायू पेट घेतो. नळीला वायू बाहेर पडण्याची छिद्रे नसतील, तर दाब कोंडून तिचे तुकडे उडतात.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मे २०१८ मध्ये अशाच यांत्रिक उपकरणाच्या स्फोटात एकाचा मृत्यू झाला. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेप उपकरणाच्या स्फोटाने आणखी एक बळी घेतला.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला व त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर झाले. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक व जाहिरात हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, तर पुनरावृत्ती झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बंदीमुळे उपकरण दुकानातून हटले. सेल हटला नाही.

सातारा-सांगलीतील वापर

रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणारे शेतकरी, कराड-शिराळ्याकडे बिबट्याच्या भीतीने प्रखर टॉर्च बाळगणारे ग्रामस्थ आणि सह्याद्रीत भटकणारे गिर्यारोहक यांच्या हाती हाच सेल असतो. स्वस्त टॉर्चमध्ये संरक्षक सर्किट असेलच याची खात्री नसते. काही सुट्या सेलवर ९९०० मिलीअँपिअर-तास असा आकडा छापलेला दिसतो; अस्सल १८६५० सेलची क्षमता साधारणपणे ३५०० च्या आसपास असते. म्हणजे तो आकडाच बनावट मालाची खूण आहे.

पूरग्रस्त भागाने आणखी एक काळजी घ्यावी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. अशा पुरात बुडालेली बॅटरी वाळल्यावर ठीक दिसली, तरी आत गंज चढून काही दिवसांनीही ती पेटू शकते. ती चार्ज करू नये, घराबाहेर ठेवावी.

चार्जिंगमधील निष्काळजीपणाही जीवघेणा ठरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि त्यात सात वर्षांच्या मुलाचा बळी गेला.

घ्यावयाची दक्षता

• भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच माल घ्यावा.
• सुटे सेल किल्ल्या वा नाण्यांसह खिशात ठेवू नयेत. प्लास्टिकची डबी वापरावी.
• वेष्टन फाटलेला, फुगलेला किंवा पिचलेला सेल वापरू नये.
• दोन सेलच्या टॉर्चमध्ये जुना-नवा किंवा निरनिराळ्या कंपन्यांचे सेल एकत्र घालू नयेत.
• योग्य चार्जरनेच, जागे असताना, अंथरूण व बाहेर पडण्याच्या वाटेपासून दूर चार्जिंग करावे.
• विमानप्रवासात सुटे सेल हातातील सामानातच ठेवावेत.

सेल तापून फुसफुसू लागल्यास जवळ जाऊ नये, धूर श्वासावाटे घेऊ नये. चार्जिंग सुरू असेल, तर सुरक्षितपणे शक्य असल्यास आधी वीज बंद करावी. लहान सेलच्या आगीवर भरपूर पाणी ओतून तो थंड करता येतो. विझल्यासारखा वाटला, तरी तो पुन्हा पेटू शकतो. आग पसरल्यास १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे.

निकामी सेल घंटागाडीत टाकू नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते संकलन केंद्रात द्यावेत.