तिसऱ्या अंकाचा इतिहास : रिॲक्टमधील किरकोळ आवृत्त्या व सुरक्षादोष

चितेगावाहून दक्षिणेस जाणारा रस्ता पुढे पैठणास पोहोचतो. त्याच पैठणात शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि यापुढे तीत कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद ग्रंथाच्या अखेरीस दिली. परक्याचा शब्द संहितेत शिरून मूळ कर्त्याचाच म्हणून वाचला गेला, तर त्यास प्रक्षेप म्हणतात. संगणकाच्या आज्ञावलींतही हाच दोष संभवतो. फरक इतकाच की, तेथे प्रक्षिप्त शब्द केवळ वाचला जात नाही. तो आज्ञा म्हणून पाळला जातो.

जावास्क्रिप्ट भाषेतील 'रिॲक्ट' ही लायब्ररी फेसबुक कंपनीने २०१३ साली सर्वांस खुली केली. तिचा मूळ कर्ता जॉर्डन वॉक होय. वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर पडद्यावर निव्वळ अक्षरे म्हणून उमटावा, त्यातील खुणांना आज्ञेचे सामर्थ्य येऊ नये, ही दक्षता तिच्या रचनेतच घेतलेली आहे. तथापि २०१५ मधील ०.१४ या आवृत्तीपूर्वी एक फट राहिली होती. पडद्यावरील घटक ही साधी वस्तू असल्यामुळे, सर्व्हरने बाहेरून आलेली माहिती न तपासता पुढे धाडल्यास तशीच बनावट वस्तू रचणे शक्य होते. यावर प्रत्येक घटकास 'सिम्बॉल' जातीची खूण जोडण्यात आली. जेसॉन या माहितीच्या देवाणघेवाणीच्या लिपीत ही खूण लिहिताच येत नाही. त्यामुळे खरा घटक व बनावट घटक यांतील भेद निश्चित झाला.

आवृत्तीच्या क्रमांकाचेही एक व्याकरण आहे. पहिला अंक बदलला, तर जुनी रचना मोडू शकते. दुसरा बदलला, तर नवी सोय येते. तिसरा बदलला, तर केवळ दुरुस्ती झाली असे समजावे. हा तिसरा अंक क्षुल्लक मानण्याची सवय सर्वत्र आढळते. रिॲक्टचा इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही.

१ ऑगस्ट २०१८ रोजी १६.०.१, १६.१.२, १६.२.१, १६.३.३ व १६.४.२ अशा पाच दुरुस्त आवृत्त्या एकदम प्रसिद्ध झाल्या. सर्व्हरवर पान तयार करताना एखाद्या गुणाचे नावच वापरणाऱ्याकडून आलेले असेल, तर ते न तपासता लिहिले जात होते. दोष ठरावीक परिस्थितीपुरताच होता. तरीही जुन्या प्रत्येक शाखेस वेगळी दुरुस्ती देण्यात आली; कारण १६.१ वर थांबलेल्यास थेट १६.४ वर उडी मारण्यास सांगणे म्हणजे दुरुस्ती लांबणीवर टाकण्यास निमित्त देणे होय.

याहून गंभीर प्रसंग २०२५ च्या अखेरीस उद्भवला. ब्राउझरकडून सर्व्हरकडे आलेला संदेश उलगडण्याच्या रीतीत असा दोष सापडला की, कोणताही परवाना नसलेल्या माणसास सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालविता यावी. त्यास गांभीर्याचे १० पैकी १० गुण मिळाले. २९ नोव्हेंबरला दोष कळविण्यात आला आणि ३ डिसेंबरला १९.०.१, १९.१.२ व १९.२.१ या आवृत्त्या निघाल्या. काही तासांतच हल्ल्यांचे प्रयत्न सुरू झाले. पुढील आठवड्यात आणखी दोष उघड झाले. त्यांवरील पहिली दुरुस्ती अपुरी ठरली व १९.०.३, १९.१.४ आणि १९.२.३ काढाव्या लागल्या.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. दुरुस्ती प्रसिद्ध होणे म्हणजे दोषही प्रसिद्ध होणे; जुन्या व नव्या पाठांची तुलना संशोधक करतो तशीच ती चोरही करतो. दुसरे असे की, दुरुस्ती निघाल्याने काम संपत नाही. अनेक प्रकल्पांत कोणती आवृत्ती घ्यावयाची हे 'लॉक फाइल'मध्ये नोंदलेले असते. ती नोंद बदलून आज्ञावली पुन्हा सर्व्हरवर चढविली जाईपर्यंत जुनाच पाठ चालू राहतो. भारतात २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत शासकीय यंत्रणेस कळविणे बंधनकारक झाले. परंतु कळविणे हे घटनेनंतरचे कर्तव्य होय, दुरुस्ती स्वीकारणे हे त्यापूर्वीचे.

एकनाथांची शुद्ध प्रत सिद्ध झाली, तरी घरोघरच्या पोथ्या त्या दिवशीच शुद्ध झाल्या नाहीत. ज्याने नवी प्रत उतरवून घेतली, त्याचीच पोथी शुद्ध झाली. तिसऱ्या अंकाचेही तसेच आहे.